उजवी दांडी

१

विमान म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही येतं ते आधी पुसून टाका. हवाईसुंदरी नाही, खिडकीसाठी भांडण नाही, कान दुखू नयेत म्हणून गोळी नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, पाठीमागे कर्कश इंजिन आणि मधोमध एकमेकींना खेटून दोन खुर्च्या. दारं नाहीतच. खाली पाहिलं की आपलेच बूट, आणि बुटांखाली गाव. याला अल्ट्रालाइट म्हणतात. मैदान सांभाळणारा मिस्त्री त्याला उडती खाट म्हणायचा. या खाटेचे मालक दोन. एक चष्मेवाला आणि दुसरी त्याची थोरली बहीण.

चष्मेवाल्याचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं ठेवायची आणि 'आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?' असं विचारत बसायचं, हा धंदा. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ताईचं दुकान, लेडीज टेलर. उडण्याचं खूळ आधी तिच्या डोक्यात शिरलं. पन्नाशी दिसू लागल्यावर माणसं गुडघ्यांची तक्रार सुरू करतात. हिनं विमानाचे सुटे भाग मागवले. पंख स्वतः शिवले. "ब्लाउजपेक्षा सोपं रे," ती म्हणायची, "पंख परत येऊन 'काखेत जरा सैल करा' असं म्हणत नाही." धावपट्टीच्या कडेला खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी असते, तीही तिच्याच मशीनवरची. तिला सगळे बाही म्हणत. बाही लोंबकळत असली तर हवा पडलेली. बाही ताठ झाली तर गुपचूप घरी जायचं.

रविवारी दोघं दुकानाला दांडी मारून दांडी धरायला जात. हा विनोद ताईचा, आणि तो दर रविवारी न चुकता व्हायचा. विमान वळवायच्या दांड्या दोन. डावी चष्मेवाल्याच्या गुडघ्यांमध्ये, उजवी ताईच्या. खाली दोन्ही एकाच सळईला जोडलेल्या, त्यामुळे एक हलली की दुसरी आपोआप हलते. कोणती दांडी खरी चालते आहे हे बघून कळायचं नाही. म्हणून एक नियम होता, आणि तो ताईनं भावाच्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकला होता.

देणाऱ्यानं म्हणायचं, "घे." घेणाऱ्यानं दांडी धरून म्हणायचं, "घेतलं." ते कानांनी ऐकल्यावरच देणाऱ्यानं हात काढायचा आणि सांगायचं, "सोडलं." 'घेतलं' ऐकू आलं नाही तर हात काढायचा नाही. मग बोटांना मुंग्या येवोत, नाहीतर नाकावर माशी बसो.

"तुला वाटणार मी धरलंय, मला वाटणार तू धरलंयस," ताई सांगायची, "आणि खाली म्हशी धुणाऱ्याला वाटणार, आकाश कोसळलं. कळलं का, ढापण्या?"

लहानपणी चष्मा लागला तेव्हापासून तो ढापण्या. डोक्यावरचे केस गेले, नाव काही गेलं नाही.

थंडी सरता सरता ताई गेली. आकाशातून नाही; दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर, श्वासाच्या साध्या दुखण्यानं. घरी भेटायला येणारे रडत, आणि चष्मेवाला त्यांचे चष्मे काढून घेऊन काड्या सरळ करून देई. खिशात बारका स्क्रूड्रायव्हर असायचाच. "फार धीराचा हो," असं लोक म्हणाले. त्याच्या बायकोला काही तो धीर वाटला नाही. 

२

बरेच रविवार विमान शेडमध्ये धूळ खात पडलं. मग एका सकाळी चष्मेवाला उठला, बूट घातले आणि निघाला.

"नुसतं बघून येतो," तो म्हणाला.

"बघायला हेल्मेट लागतं वाटतं," बायको म्हणाली. पण डबा दिला.

मिस्त्रीनं इंजिन तपासून ठेवलं होतं. उजव्या खुर्चीचा पट्टा रिकाम्या जागेवरच आवळून बांधला, म्हणजे हवेत फडफडून कुठे अडकू नये. ताईचा हेडफोन आकड्याला टांगलेला होता. तो काढून ठेवावा असं मिस्त्रीला वाटलं. त्यानं चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि राहू दिला.

चाकं गवतावरून उचलली गेली. शेत, कालवा, ओढ्यावरचा पूल, सगळं जिथल्या तिथे. उंच पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर चष्म्याच्या काचेवर चिलटं चिकटली. चष्मेवाल्यानं सवयीनं म्हटलं, "घे." दोन्ही हातांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. आणि डोळ्यांवर चढवता चढवता तो थांबला.

त्यानं 'घेतलं' ऐकलंच नव्हतं.

विमान सरळ चाललं होतं. डावा पंख कलत नव्हता, उजवा पंख कलत नव्हता, पाण्यावर पान तरंगावं तसं. त्यानं झडप घालून दांडी धरली. हेडफोनमध्ये बारीक खरखर झाली. शेजारच्या माईकपाशी कुणी तोंड नेलं की तो माईक आपोआप उघडतो; त्याचीच ही खरखर. मग ती बंद झाली.

चष्मेवाला शिकलासवरलेला माणूस. दृष्टीला फसवायला फार काही लागत नाही, हे सांगणारं दृष्टिभ्रमाचं चित्रच त्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं होतं. त्यानं स्वतःला समजावलं. नीट जुळवलेलं विमान हात सोडला तरी थोडा वेळ सरळ जातं. माईकपाशी वारा आला तरी खरखर होते. दारं नसलेलं विमान आहे, वारा येणारच.

फक्त वारा कुठे होता? गालाला लागत होता तेवढाच. बाकी हवा अशी, की मांडीवर चहाची बशी ठेवावी.

उतरल्यावर मिस्त्री धावत आला. "डॉक्टर, जेवलेलं पोटात राहिलं का?"

डोळे तपासतो म्हणून मिस्त्री त्याला थट्टेनं डॉक्टर म्हणायचा.

"का रे?"

"का रे काय? वर जाताच वारा सुटला ना. ते पलीकडचे दोघं निघाले आणि अर्ध्यातून परत फिरले. एक तर उतरताच गवतात बसून ओकला."

चष्मेवाल्यानं बाहीकडे पाहिलं. बाही ताठ, आडवी झाली होती.

३

पुढच्या रविवारी बाही निघण्याआधीच ताठ होती. बाकीची विमानं दोरांनी जखडून ठेवलेली, मालक शेडमध्ये पत्ते कुटत बसलेले.

"आज नको," मिस्त्री म्हणाला.

"एक फेरी."

"अहो, कागद उडतोय बघा कसा. तुमची खाट म्हणजे शिवलेला कागदच."

"शिवलाय कुणी?" चष्मेवाला म्हणाला. मिस्त्रीनं चाकांपुढची वीट काढली.

धावपट्टीवर विमान थरथरत, उड्या मारत धावलं. चाकं उचलली, आणि कुणी दार लावून घ्यावं तसा वारा थांबला. खाली झाडं एका अंगावर झुकली होती. कालव्याचं पाणी पांढरं झालं होतं. वर मात्र चष्मेवाला दिवाणखान्यात बसल्यासारखा बसला होता.

या वेळी त्यानं मुद्दाम म्हटलं, "घे." आणि हात मांडीवर ठेवले.

खरखर झाली. विमान टाकीच्या दिशेनं वळलं. चष्मेवाला वळण घ्यायचा ते घाबरत, तुकड्या-तुकड्यांनी. हे वळण तसं नव्हतं. हे एका दमात कापलेलं, गळ्याच्या पट्टीसारखं गोल. टाकीला वळसा घालताना डावी दांडी त्याच्या गुडघ्यांमध्ये आपणहून हलत होती, आणि वळणाच्या शेवटी तिनं एक बारीक झटका दिला. दोरा दातानं तोडावा तसा. तो झटका अख्ख्या मैदानावर एकट्या ताईच्या हाताला होता.

त्याला भीती वाटली का? वाटली.  पण खरं सांगायचं तर आधी त्याला हायसं वाटलं, आणि भीती मागाहून आली, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

घरी बायको गच्चीवरून रिकामी दोरी गुंडाळत आली. "कपडे गेले सगळे. तुमचा निळा शर्ट शेजारणीच्या डिशवर अडकलाय. अशा वाऱ्यात वर गेला होतात?"

"वर नव्हता वारा. लोण्यासारखी हवा होती."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "अहो, ताई गेल्या तेव्हापासून तुम्ही एकदाही रडला नाहीत. मी काही बोलत नाही. पण एवढा सपाट चेहरा बरा नव्हे."

"हवाच सपाट आहे," तो म्हणाला आणि हसला. बायकोला हसू आलं नाही.

४

दवाखान्यातली ती दुपार त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

खोलीत खिडकीला हिरवा पडदा, बाहेर कुणाच्या तरी ढकलखुर्चीच्या चाकाची कुईकुई. ताईच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क. तिचा हात त्याच्या हातात. आयुष्यभर कात्री धरलेला हात, अंगठ्याला कायमचा घट्टा. ती डोळे मिटून होती. मग तिनं मास्क बोटानं बाजूला सरकवला आणि म्हणाली,

"घे."

नर्सला वाटलं, पाण्याचा पेला दूर करायला सांगतायत. तिनं पेला उचलला. चष्मेवाल्याला मात्र कळलं. ताई पेल्याबद्दल बोलत नव्हती. आवाज तोच होता, टाकीपाशी वळण संपल्यावरचा. आता तू बघ, मी दमले.

त्याला फक्त एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हटला की ती हात सोडणार. नियमच तसा. आणि नाही म्हटला तर? नाही म्हटला तर तिला सोडता येणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, दुकान चालवणाऱ्या, दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दुपारी एवढाच पोरकट हिशेब होता. त्यानं ओठ मिटून घेतले.

ताईनं डोळे उघडले. वाट पाहिली.

"घे ना रे, ढापण्या."

तो पडद्याकडे बघत बसला. हिरव्या कापडाची शिवण एका जागी उसवली होती. ती तो बघत होता.

दिवे लागायच्या आत ताई गेली. डॉक्टरांनी तसं सांगितलं. चष्मेवाल्यानं हात सोडवून घेतला तेव्हा तिची बोटं त्याच्या तळव्याभोवती घट्ट आवळलेली होती. नर्सला एकेक बोट उलगडावं लागलं.

५

शेवटच्या त्या रविवारी शेडचे पत्रे धडाधड वाजत होते. बाही खांबापासून सुटेल की काय अशी ओढ घेत होती.

"किल्ली देणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"विमान माझं आहे."

"अर्धं तुमचं. अर्धं ताईंचं. त्यांनी दिली असती का किल्ली?"

चष्मेवाल्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग म्हणाला, "ती वर आहे, मिस्त्री."

मिस्त्री त्याचा वेगळा अर्थ घेऊन गहिवरला. वर आहे म्हणजे देवाघरी, असं त्याला वाटलं. तेवढ्या गडबडीत चष्मेवाल्यानं किल्ली आकड्यावरून काढली.

विमान गवतावरून धावलं नाहीच. वाऱ्यानं ते उचलूनच घेतलं. एक भयंकर हिसका, आणि मग पुन्हा ते दार लागलं. शांत. शेजारून बगळ्यांचा थवा आडवा फेकला गेला, चिंध्या फेकाव्यात तसा. चष्मेवाल्याच्या शर्टाची कॉलरसुद्धा हलली नाही.

"घे," तो म्हणाला. खरखर झाली. तो मागे टेकून बसला. टाकी आली, वळण आलं, तो झटका आला. आणि मग विमानानं वाऱ्याकडे तोंड केलं आणि ते थांबलं.

थांबलं म्हणजे अक्षरशः थांबलं. ही हलकी विमानं वाऱ्याच्या तोंडावर धरली, आणि वारा त्यांच्याएवढ्याच वेगाचा असला, तर ती एका जागी लटकून राहतात. पुढे नाही, मागे नाही. हे पुस्तकात आहे. पण तसं धरायला हात लागतो, आणि तो क्षणोक्षणी सावरावा लागतो. खाली टाकीचं गोल झाकण होतं, आणि ते त्याच्या बुटांखालून सरकत नव्हतं.

बराच वेळ गेला. खांद्यामागच्या टाकीतलं पेट्रोल खाली खाली उतरत होतं.

"पुरे ग," तो म्हणाला. "परत जाऊ." त्यानं डावी दांडी धरून वळवून पाहिली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. भिंतीत पुरलेली खुंटी ओढावी तसं झालं. "ताई, दे की."

खरखर. बाकी काही नाही.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा उजव्या दांडीकडे निरखून पाहिलं. इतके रविवार तिकडे बघायचं तो टाळत होता. आपणहून हलणारी दांडी बघायची नाही, एवढं त्याच्या बुद्धीनं त्याला बजावलं होतं. उजव्या मुठीवर काळा स्पंज होता. ताईच्या हाताला घाम यायचा म्हणून तिनंच तो शिवून बसवला होता.

स्पंज दाबला गेलेला होता. चार बोटांचे चार खळगे, आणि वर अंगठ्याचा. अंगठ्याच्या खळग्याच्या बुडाशी, घट्टा असतो त्या जागी, आणखी एक लहान खळगा.

खळगे थरथरत होते.

त्यानं आयुष्यभर माणसांचे हात पाहिले होते, चष्मा उचलताना कापणारे. असा कापणारा हात त्याला ओळखू येत होता. भीतीनं हात वेगळा कापतो. हा दमलेला हात होता. कधीपासून धरून बसलेला, बोटांना मुंग्या आलेल्या, खांद्यापर्यंत कळा गेलेल्या, आणि तरीही न सोडणारा. करंगळीचा खळगा मधेच उथळ होई आणि पुन्हा खोल दाबला जाई.

ती त्याला अडवून धरत नव्हती. ती सगळा वारा एकटी धरून होती. दवाखान्यातल्या त्या दुपारपासून. एक शब्द ऐकायची वाट बघत.

पातळी दाखवणाऱ्या नळीत पेट्रोलनं तळ गाठला होता. पण खरं सांगायचं, त्या वेळी चष्मेवाल्याला पेट्रोलची आठवण नव्हती.  एकच शब्द म्हणायचा होता. तो म्हटला की शेजारी कुणी नसणार, आता नाही, पुढच्या रविवारी नाही, कधीच नाही. तो खळग्यांकडे बघत राहिला. अंगठ्याचा खळगा आता जोरात कापत होता.

त्यानं डावी दांडी धरली.

"घेतलं," तो म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "घेतलं, ताई. घेतलं."

स्पंज हळूहळू भरून आला. आधी करंगळी. मग शेजारची बोटं. अंगठा सगळ्यात शेवटी, आणि तोही लगेच नाही.

खरखर बंद झाली.

मग वारा आला.

६

विमान कसं उतरलं ते मिस्त्री अजून सांगतो, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतो. एवढं खरं, की पुढचं चाक मोडलं, एक पंख फाटला, आणि चष्मेवाला चालत बाहेर आला. मिस्त्रीनं त्याला शिव्या घातल्या, मग मिठी मारली, मग पुन्हा शिव्या घातल्या.

त्यालाही आता काही दिवस झाले. दुपारची वेळ. बायको स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन आली तेव्हा चष्मेवाला जेवणाच्या टेबलाशी बसला होता. दोन्ही हातांनी टेबलाची कड गच्च धरलेली, तळपाय जमिनीवर दाबलेले, खांदे कानांपर्यंत आलेले. चष्मा नाकावरून घसरून हनुवटीवर लोंबत होता आणि तो सरळ करायला त्याला हात मोकळा नव्हता. चेहरा ओला होता, सबंध.

"अहो! काय होतंय? छातीत दुखतंय का?"

त्यानं मान हलवली. "वारा आहे."

"कुठे वारा?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर पान हलत नव्हतं. पडदा सरळ लोंबत होता. वरचा पंखा बंद. दोन्ही कपांतून वाफ सरळ रेषेत वर चालली होती.

"फार आहे ग," तो दातांवर दात धरून म्हणाला. "किती होता ते मला माहीतच नव्हतं. सगळा तिच्याकडे होता."

बायकोनं कप खाली ठेवले.  संसारात इतकी वर्षं काढल्यावर बाईला एक कळतं, की काही वेळा विचारायचं नसतं. तिनं समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि टेबलाची दुसरी कड दोन्ही हातांनी धरली.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा नीट करा."

पडदा हलला नाही. वाफ हलली नाही. फक्त तिच्या कानामागची बट सुटली, मागे उडाली, आणि तशीच, आडवी, उडत राहिली.